मानाच्या घागरीतील तुरटी

आषाढातल्या त्या शुक्रवारी पावसाने पहाटेच उघडीप दिली. शाहूपुरीतल्या त्या गल्लीत पागोळ्या अजून ठिबकत होत्या, तालमीपुढच्या पायरीवर सनईवाला आपली सनई पुसत बसला होता, आणि गणपतराव नित्याप्रमाणे खडू घेऊन आपल्या कुंपणाच्या भिंतीपाशी उभे होते. भिंतीवर काळ्या रंगाने रंगवलेला एक चौकोन, आणि त्यावर पावसापुरते पत्र्याचे छप्पर. बिद्रीच्या साखर कारखान्यातली नोकरी संपवून ते या घरी कायमचे राहायला आले, त्या आठवड्यातच त्यांनी हा फळा स्वतःच्या हाताने केला होता. त्याला वीस वर्षे होत आली. फळ्यावरचे पुसण्याचा नियम एकच होता आणि तो गल्लीतल्या लहानथोरांना ठाऊक होता. लिहिलेले खोटे आहे असे जो दाखवून देईल, त्याने ते खुशाल पुसावे. पुसायला आजवर पुष्कळजण आले होते. एकालाही पुसता आले नव्हते.

आज त्यांनी वरच्या बाजूस ठळक अक्षरांत लिहिले: ‘खोदलेला चर बुजत नाही, नळाचे पाणी निवळत नाही. मते मागण्यास येणाऱ्यांनी प्रथम या नळाचे पेलाभर पाणी पिऊन दाखवावे.’ मग गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहून, खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आणखी थोडे लिहिले: ‘आज शुक्रवार. टेंबलाईची यात्रा. क्रांती काल सायंकाळी आली आहे. दूध घेतले आहे.’ त्याखाली कालची एक ओळ होती, ती त्यांनी तशीच राहू दिली: ‘पाण्यात तुरटी फिरवावी. निवळल्यावरच घ्यावे.’

वरचा मजकूर गल्लीसाठी होता. खालचा अंबूबाईंसाठी.

गेल्या दिवाळीपासून अंबूबाईंचे स्मरण विरत चालले होते. जुन्या लुगड्याचे काठ शाबूत राहावेत आणि मधले अंग झिजावे, तसे त्यांना माहेरचे, लग्नातले सारे लख्ख आठवे. कालचे मात्र हाती लागत नसे. एके सकाळी फाटकापाशी उभ्या राहून त्यांनी विचारले होते, “अवो, आज वार कुठला? मगाशी इचारलं व्हय मी?”

“न्हाय,” गणपतराव म्हणाले होते.

“इचारलं असणार. तुमचं तोंड सांगतंय. पोरास्नी बोलू नगासा. कळलं की माझ्यासंगं बारक्या पोराशी बोलल्यागत बोलाया लागतील.”

गणपतरावांनी शब्द दिला आणि दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर वार येऊ लागला. पुढे दूध आले, गॅसची टाकी आली, कोण पाहुणा कोठून आला तेही आले. अंबूबाई सडा घालायला म्हणून जात, रांगोळी काढता काढता कोपरा वाचून घेत आणि दिवसभर निर्धास्त वावरत. गल्लीतली पोरे हसत. आबांचा फळा आता दूधवाल्याचीही बातमी द्यायला लागला, म्हणत. गणपतराव हसणे ऐकून घेत. तो त्यांचा स्वभाव नव्हता. म्हणून तर घरात कोणाला संशय यायला हवा होता.

सोप्यात चहा आला, तो सुनेने, वर्षाराणीने आणला. आज तिच्या अंगावर हिरवी नऊवारी होती. नदीला आलेले नवे तांबडे पाणी आषाढात टेकडीवरच्या टेंबलाई देवीच्या पायरीवर ओतावे, हा कोल्हापूरचा पूर्वापार आचार. आणि या गल्लीच्या तालमीची मानाची घागर याच घरातून निघावी, हा तालमीचा शिरस्ता. गुरुवारी सायंकाळी घाटावरून पाणी भरून आणायचे, रात्री ते देवघरात ठेवायचे आणि सकाळी घरच्या सुनेने डोक्यावर घेऊन सनई-ढोलाच्या मागे टेकडीपर्यंत चालायचे. अंबूबाईंनी ही घागर तरुणपणापासून वाहिली. यंदा गुडघ्यांनी नकार दिला, म्हणून प्रथमच ती वर्षाराणीच्या डोक्यावर चढणार होती.

“आबा, रंगारी येतोय आज,” अमरसिंहाने चहाचा कप खाली ठेवीत म्हटले. हा गणपतरावांचा मुलगा. बाजारात त्याचे शेतीपंपांच्या सुट्या भागांचे दुकान होते, आणि मोठ्या गिऱ्हाइकाशी बोलताना वापरायचा सावध स्वर आज त्याने घरात वापरला होता.

“कुठला रंगारी?”

“भितीला पांढरा द्यायचा हाय. साहेबांच्या माणसांशी बोलणं झालंय. निवडणूक लागली की आपल्या वर्षाला नगरसेवकाचं तिकीट. मिरवणुकीच्या टायमाला साहेब सोता येणार, हिच्या खांद्यावर शाल घालणार. तवर भिंत कोरी पायजे.”

“भितीवर फळा हाय.”

“म्हणून तर रंगारी.”

गणपतरावांनी कप बशीत ठेवला. “अमर, तुझ्या साहेबांचा झेंडा गेल्या बारीला कुठला हुता?”

“आबा, ते आता...”

“आणि त्याच्या आधी? माणूस बगून मत दिलं तर माणूस पक्ष बदलतोय. पक्ष बगून दिलं तर पक्षच दोन हुतोय. मी कुणाला मत दिलंय, ह्येच मला उमगंना झालंय. बोटाला शाई तेवढी खरी. आणि त्या माणसानं माझ्या दारात येऊन टेंबलाईच्या घागरीवर शाल टाकायची?”

“घागरीवर न्हाय, वर्षाच्या खांद्यावर.”

“घागर कुणाच्या डोक्यावर हाय मग?”

क्रांती एका बाजूला फुले निवडीत बसली होती. ती पन्हाळ्याला तालुक्याच्या कचेरीत नोकरीला होती आणि यात्रेसाठी एक दिवसाची रजा काढून माहेरी आली होती. वडिलांनी ज्या उमेदीच्या दिवसांत तिचे नाव ठेवले, त्या दिवसांची ती एकटीच खूण उरली आहे, असे तिचा भाऊ तिला चिडवीत असे. या घरात ती नेहमी वडिलांच्या बाजूची. आज मात्र तिने हळूच म्हटले, “आबा, दादाचं एक खरं हाय. वीस वर्षं लिवलंसा. चर बुजला काय? वहिनी आत गेल्या तर निदान इचारतील तरी.”

गणपतरावांनी लेकीकडे पाहिले. तिच्या तोंडून हे येईल असे त्यांना वाटले नव्हते. खरे उत्तर त्यांच्या ओठांपर्यंत आले होते. त्या फळ्याच्या आधारावर तुझी आई दिवस काढते, एवढे म्हणायचा अवकाश होता. पण दिलेला शब्द आडवा आला, आणि जे बोलायचे नव्हते तेच ते बोलले.

“तुमी दोघं मिळून ठरवा. मी जिता हाय तवर त्या भितीला कुणी हात लावायचा न्हाय.”

“व्हय, हात तुमीच लावायचा,” अमरसिंहाचा सावध स्वर सुटला. “माझं नाव लिवलासा तुमी त्या भितीवर. नळाला मोटर लावली म्हणून. सासुरवाडीची माणसं दारात उभी हुती त्या दिवशी.”

“लावली हुतीस का न्हाय?”

“हुती.”

“मग?”

“मग काय न्हाय. बापानं लेकाला आत बोलावून सांगितलं असतं, एवढंच.”

वर्षाराणीने रिकामे कप गोळा केले. क्रांती फुलांची परडी घेऊन देवघराकडे गेली, आणि क्षणभराने तिचा आवाज आला. “आबा, दादा, जरा हिकडं या.”

देवघरात तांब्याची घागर पाटावर होती, गळ्यात झेंडूची माळ. काल घाटावरून आणली तेव्हा तिच्यातले पाणी गेरू कालवल्यासारखे तांबडे होते. आज ते इतके निवळ झाले होते की आतल्या तांब्यावरचे ठोक्यांचे वण दिसत होते. तळाशी तांबडा गाळ सायीसारखा बसला होता.

“तुरटी फिरवलीया कुणीतरी,” क्रांती म्हणाली.

अमरसिंहाने वडिलांकडे पाहिले. त्या पाहण्यात प्रश्न नव्हता.

गणपतरावांचे लक्ष कोनाड्याकडे गेले होते. तेथे पितळी वाटीत तुरटीचा खडा होता, धुऊन, पालथा घालून, खाली वाळक्या फडक्याची घडी. या घरात तुरटी अशी ठेवणारी व्यक्ती एकच होती, आणि ती त्या वेळी मागच्या दारी देवीच्या नैवेद्याचा दहीभात कालवीत, माहेरची कोणतीशी ओवी गुणगुणत होती. सारे त्यांच्या ध्यानात आले. पहाटे सडा घालताना तिने कोपरा वाचला असेल. कालची ओळ. पाण्यात तुरटी फिरवावी. आत येताना समोर तांबड्या पाण्याने भरलेली घागर दिसली असेल. नळालाही गेले कित्येक दिवस तसलेच पाणी येत होते. तिने नवऱ्याचे लिहिलेले ऐकले. घागर कोणाची, एवढेच आठवले नाही.

“मी फिरवली,” गणपतराव म्हणाले.

“तुमी?”

“मी.”

“म्हंजे वर्षाची मिरवणूक बिघडावी म्हणून टेंबलाईचं पाणी नासवलासा?” अमरसिंहाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “मला वाटलं नव्हतं, आबा. भांडण माझ्यासंगं हुतं. देवीला कशाला मधी घातलासा?”

ज्या माणसाने साध्या हिशेबातली चूकही कधी कबूल केली नव्हती, तो आज मान खाली घालून उभा होता, आणि हे पाहून क्रांतीच्या हातातली परडी तशीच राहिली.

“मग लिवा की,” अमरसिंह म्हणाला. “गल्लीचं पाणी जो बिघडवील त्याचं नाव फळ्यावर. नियम तुमचा हाय. माझं लिवलासा, आता तुमचं लिवा.”

“लिवतो,” गणपतराव म्हणाले आणि बाहेर गेले.

खडू हातात घेऊन ते फळ्यापुढे उभे राहिले. या फळ्यावर त्यांनी कडू लिहिले होते, क्वचित उद्धटही. पण खोटे अक्षर एकही पडू दिले नव्हते. देवापुढे उभे राहताना माणूस हात धुतो, तसा ते खडू उचलण्यापूर्वी शब्द धुऊन घेत. सूचना आपणच लिहिली होती, तेव्हा दोषही आपलाच, अशी एक समजूत मनाने पुढे केली. ती त्यांनी बाजूला सारली. हे खोटेच आहे हे जाणूनच लिहायचे होते. ठळक ओळीखाली त्यांनी सावकाश लिहिले: ‘तालमीच्या मानाच्या घागरीत तुरटी गणपतरावाने फिरवली.’ अक्षर नेहमीसारखेच वळणदार आले. ओळीच्या शेवटी पूर्णविराम देताना मात्र खडू मोडला.

वर्षाराणी हे खिडकीतून पाहत होती.

देवघरातली वाटी तिनेही पाहिली होती. या घरात येऊन तिला चोवीस वर्षे झाली. सासूने तुरटी धुऊन पालथी घालायला तिला पहिल्याच महिन्यात शिकवले होते, आणि सासऱ्यांना स्वयंपाकघरातली मिठाची बरणीही कधी सापडली नव्हती. गेल्या काही महिन्यांतल्या सुट्या गोष्टी तिच्या मनात एकामागून एक जागेवर बसू लागल्या. आमटीत दोनदा पडलेले मीठ. “गॅस संपत आलाय व्हय गं” असे विचारून आत्ती, म्हणजे सासूबाई, फाटकाकडे जात आणि परत येताना त्यांना उत्तर ठाऊक असे. फुले आणायला जातात, असे वर्षाराणी समजत आली होती. फाटकापाशी फुलझाड नव्हते.

तिला प्रथम लाज वाटली. रोज ताट वाढणाऱ्या सुनेला जे दिसले नाही, ते चिडखोर म्हणून गल्लीत नाव काढलेल्या या म्हाताऱ्याने पाहिले होते, आणि कोणाला कळू न देता निभावले होते. तिकिटाचे बोलणे निघाल्यापासून तिने मनात काही भाषणे रचली होती. गटारे, दिवे, पाणी. त्यांतले एकही आता तिला आठवेना. ती अमरसिंहाला काही सांगणार, इतक्यात गल्लीत ढोलावर टिपरी पडली.

सनईचा लांब सूर आणि त्यामागे ढोलाचा ठोका, ‘पी ढबाक, पी ढबाक’ करीत तालीम दाराशी आली. पुढे जोतीराम, तालमीचा कारभारी, गळ्यात टॉवेल, कपाळावर भंडारा. त्याच्यामागे गल्लीतल्या बायका आपापल्या घागरी घेऊन.

“काढा आबा घागर. साहेबांची गाडी चौकात...” म्हणता म्हणता त्याची नजर फळ्यावर गेली. त्याने वाचले, पुन्हा वाचले. “ह्ये काय लिवलंय? आबा, नवं पाणी गढूळच पायजे. निवळ पाणी नळाचं बी असतंय की.”

“नळाचं निवळ असतंय असं तुला कुणी सांगितलं?” गणपतराव म्हणाले. सवयीने म्हणाले; स्वरात बळ नव्हते.

तेवढ्यात अंबूबाई नैवेद्याचे ताट पदराखाली झाकून बाहेर आल्या. दाराशी एवढी माणसे गप्प उभी पाहून त्या थबकल्या, आणि ज्यावर रोज विसंबत त्या भिंतीकडे वळल्या. चष्मा सावरून त्यांनी नवी ओळ एकेक शब्द जोडीत मोठ्याने वाचली. वाचून झाल्यावर नवऱ्याकडे पाहिले.

“तुमी? तुरटी?”

“व्हय. मीच.”

“अवो, तुरटी कुठं ठेवलीया त्ये तरी ठावं हाय काय तुमाला?” अंबूबाई हसल्या. “आजवर पाण्याचा पेला हातानं घेतला न्हाय ह्या माणसानं. जोतीराम, इचार त्यास्नी, वाटी कंच्या कोनाड्यात असती.”

बायकांमध्ये हशा पिकला. जोतीरामही हसला. गणपतराव मात्र पत्नीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले, कारण त्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू मावळत होते. अंबूबाई आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे पाहत होत्या. बोटांची टोके तुरटीने आकसून पांढुरकी पडली होती.

“मग कुणी फिरवली हो?” त्यांनी अगदी हळू विचारले. नवऱ्यालाच ऐकू जाईल इतके हळू. पण अमरसिंह दोन पावलांवर होता.

“मीच,” गणपतराव पुन्हा म्हणाले. “लिवलंय न्हवं मी.”

अंबूबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. मग ताटावरचा पदर नीट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “बरं केलंसा. वरीसभर आपुन गढूळ पितोय, आणि वर तिला बी गढूळच घालतोय. यंदा टेंबलाईला एक डाव निवळ मिळालं तर ती काय रागं भरतीया?”

अमरसिंह फळ्यापुढे येऊन उभा राहिला. त्याने कोपऱ्यातल्या बारीक ओळी वाचल्या; रोज दुकानाला जाताना त्या त्याला दिसत आणि रोज त्याला त्यांची लाज वाटे. आज शुक्रवार. क्रांती काल सायंकाळी आली आहे. दूध घेतले आहे. पाण्यात तुरटी फिरवावी. तो त्या ओळींवर बराच वेळ थांबला, तेव्हा क्रांतीने भावाच्या खांद्यावर हात ठेवला. तिनेही वाचले होते.

याच वेळी रंगारी पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन गर्दीतून वाट काढीत आला. अमरसिंहाने त्याच्या खांद्यावरचे ओले फडके मागून घेतले.

“खोटं असंल त्ये पुसायचं. नियम हाय न्हवं, आबा?”

“हाय,” गणपतराव म्हणाले.

अमरसिंहाने वडिलांच्या नावाची ती एकच ओळ पुसली. वरचे एक अक्षर विस्कटू दिले नाही, खालच्या कोपऱ्याला फडक्याचे पाणीही लागू दिले नाही. मग रंगाऱ्याच्या हातावर फडके ठेवून म्हणाला, “जावा पावणं. भिंत आमाला लागतीया.” आणि खिशातला मोबाईल काढून तो गर्दीच्या कडेला गेला. “साहेबांस्नी सांगा, भिंत न्हाय मिळायची. तिकीट भितीवर अवलंबून असंल तर ऱ्हाऊ दे. व्हय. ऱ्हाऊ दे म्हटलं की.” तो परत आला तेव्हा त्याने बायकोकडे पाहिले, वर्षाराणीने फक्त पदर खोचला.

“पण पाण्याचं काय करायचं?” जोतीरामाने विचारले.

“तळाला बगा की,” क्रांती म्हणाली. “नदी आतच हाय. बसलीया निस्ती. डोक्यावरनं टेकडीपतोर जाईस्तवर आपसूक उठतीया.”

जोतीरामाने घागरीत डोकावून पाहिले, मान डोलावली आणि ढोलवाल्याला खूण केली.

घागर वर्षाराणीच्या डोक्यावर चढली. चढवताना अंबूबाईंचे हात घागरीला लागले, आणि ते हात काही विसरले नव्हते. चुंबळ किती तिरकी हवी, पहिले पाऊल कोणते, सारे त्यांनी सुनेच्या कानात सांगितले. सनई पुढे निघाली, गल्ली तिच्यामागे निघाली. पहिल्या वळणाशीच वर्षाराणी एकदा थांबली, घागर क्रांतीच्या हातांत देऊन लगबगीने माघारी आली. काहीतरी विसरले, असे कोणाला तरी म्हणाली आणि पुन्हा जाऊन रांगेत मिळाली.

यात्रेला जाण्याइतके पाय दोघांचेही उरले नव्हते. गणपतराव पत्नीला घेऊन आत गेले होते; बाहेर येताना त्यांनी सोप्यातली खुर्ची फाटकाशी आणून तिला बसवले, आणि ढोलाचा आवाज बाजाराकडे दूर जाईपर्यंत स्वतः उभे राहिले.

“कुठं गेली हो सगळी?” अंबूबाईंनी विचारले.

उत्तर द्यायला ते वळले, आणि थांबले. फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात, ‘निवळल्यावरच घ्यावे’ या कालच्या ओळीखाली, त्यांच्या नव्हे अशा घाईच्या अक्षरात नवीन ओळी पडल्या होत्या.

“वाच की,” ते म्हणाले. “तुलाच लिवलंय.”

अंबूबाईंनी चष्मा सावरला. “आत्ती,” त्या वाचू लागल्या, “आमी टेंबलाईला गेलोय. दुपारी येतो. चहा झाकून ठेवलाय, दोघं मिळून घ्या.”

त्यांनी शेवटची ओळ पुन्हा एकदा मनाशी वाचली. मग उठल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, “चला. चहा निवल.”